राशी आणि गुण : औषधनिर्मितीतील एक रसायनशास्त्रीय भेद

मध व तूप समप्रमाणात देऊ नये, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येकास पाठ असते. परंतु समप्रमाण म्हणजे वजनाने सम की मापाने सम, असा प्रश्न विचारला असता पुष्कळ वैद्यबंधू क्षणभर थांबतात. हा प्रश्न केवळ शब्दच्छल नव्हे. मधाची घनता सुमारे १.४ आहे, पातळ तुपाची सुमारे ०.९. पाच मिलिलिटरचा एक चमचा मध भरला तर तो ७ ग्रॅम होतो, त्याच चमच्याने तूप घेतले तर ते साडेचार ग्रॅम भरते. म्हणजे एक-एक चमचा देणारा रुग्ण प्रत्यक्षात वजनाने दीडपटीहून अधिक मध घेत असतो. याउलट तीन चमचे तूप व दोन चमचे मध असे विषम प्रमाण मोठ्या विश्वासाने सांगितले, तर तूप साडेतेरा ग्रॅम व मध चौदा ग्रॅम होऊन दोन्ही वजनाने जवळजवळ तुल्यच होतात. जे टाळावयाचे तेच हातून घडते. अनुपान लिहून देताना मध चमच्याने व तूप चमच्याने असे सांगण्याची आपली रीत असल्याने, मनातील प्रमाण वजनाचे की मापाचे हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

या साध्या हिशेबाच्या मुळाशी रसायनशास्त्रातील एक मूलभूत भेद आहे. द्रव्याचे काही गुणधर्म द्रव्य किती घेतले यावर अवलंबून असतात. काही तसे नसतात. वजन, घनफळ, द्रव्यात साठलेली उष्णता हे पहिल्या वर्गातले. घनता, तापमान, उत्कलनबिंदू, वक्रीभवनांक, आम्लता हे दुसऱ्या वर्गातले. इंग्रजी ग्रंथांत यांना अनुक्रमे एक्स्टेन्सिव्ह व इंटेन्सिव्ह अशी नावे आहेत व ती अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड टॉलमन यांनी १९१७ साली रूढ केली. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांना राशिसापेक्ष व राशिनिरपेक्ष असे म्हणणार आहोत. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. भांड्यातील द्रव्याचे मनाने दोन सारखे भाग करावेत. जो गुणधर्म प्रत्येक भागात निम्मा झाला तो राशिसापेक्ष. जो दोन्ही भागांत जसाच्या तसा राहिला तो राशिनिरपेक्ष. आणि दोन राशिसापेक्ष गुणधर्मांचा भागाकार केला की बहुधा राशिनिरपेक्ष गुणधर्म हाती येतो. वजनाला घनफळाने भागले की घनता मिळते.

राशी हा शब्द आम्ही सहेतुक निवडला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविधीची जी आठ विशेषायतने सांगितली आहेत, त्यांत राशी हे एक आहे व तिचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन प्रकार केले आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित मान तो सर्वग्रह, प्रत्येक घटकाचे स्वतंत्र मान तो परिग्रह. प्रकृती हे आयतन मात्र वेगळे मानले आहे. द्रव्याचा स्वभाव एक बाजूस व त्याची मात्रा दुसऱ्या बाजूस, ही विभागणी आपल्या शास्त्रास नवी नाही. तथापि येथे एक सावधगिरी हवी. गुरु व लघु हे गुर्वादी गुण म्हणजे वजन किंवा घनता नव्हेत. ते पचनाच्या परिणामावरून ठरतात. मूग लघु असतो तो तराजूत हलका म्हणून नव्हे. आणि सूत्रस्थानात स्पष्टच म्हटले आहे की स्वभावाने लघु असलेली द्रव्येही मात्रेची अपेक्षा ठेवतात. रसायनशास्त्राचा भेद आपल्या गुणकल्पनेवर चिकटविण्याचा मोह काही लेखकांना होतो. त्याने दोन्ही शास्त्रांचा गोंधळ होतो, असे आमचे मत आहे. उपयोग आहे तो औषधनिर्मितीत, आणि तिथे मात्र तो पुष्कळ आहे.

प्रथम मानपरिभाषा पाहू. भारत सरकारच्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीने, जिचा पहिला भाग १९७८ साली प्रसिद्ध झाला, प्रस्थ ७६८ ग्रॅमचा धरला आहे. द्रवद्रव्यांना कुडवापासून पुढे द्विगुण मान घ्यावे या नियमाने द्रवप्रस्थ १,५३६ ग्रॅमचा होतो. पाण्याच्या बाबतीत ग्रॅम व मिलिलिटर एकच असल्याने कोणाचे काही बिघडत नाही. तिळाच्या तेलाची घनता मात्र सुमारे ०.९२ आहे. १,५३६ ग्रॅमच्या जागी कोणी १,५३६ मिलिलिटर तेल मापून घेतले, तर प्रत्यक्षात सुमारे १,४१३ ग्रॅम तेल पडते, म्हणजे आठ टक्के कमी. कल्क मात्र तराजूवर मोजलेला असतो, तो पूर्ण असतो. स्नेहकल्पनेत कल्क एक, स्नेह चार, द्रव सोळा हे जे प्रमाण सांगितले आहे ते गुणोत्तर आहे. पाव किलोच्या पाकास ते जसे लागू, तसेच पन्नास किलोच्या. प्राचीनांनी गुणोत्तर दिले याचे कारण हेच की ते राशिनिरपेक्ष आहे व प्रत्येक वैद्यास आपल्या भांड्यानुसार राशी ठरविता येते. पण गुणोत्तराची एक बाजू वजनाने व दुसरी मापाने घेतली की ते गुणोत्तर उरत नाही. शार्ङ्गधराने कुडवमापासाठी चार अंगुळे रुंद व चार अंगुळे उंच पात्राचे वर्णन केले आहे, म्हणजे घनफळाने मोजण्याची रीतही जुनीच. दोन्ही रीती चालतील. मिसळ चालणार नाही. निर्मितीच्या नोंदवहीत ग्रॅम की मिलिलिटर हे प्रत्येक घटकापुढे लिहावे, एवढीच आमची विनंती.

तेलाच्या खरेदीत याचा पैशाशी संबंध येतो. शहादा तालुक्यातील आमचे म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४२ अंशांच्या वर जातो, पौषातल्या पहाटे तो १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. तेल तापले की फुगते. घनता ही राशिनिरपेक्ष असली तरी तापमाननिरपेक्ष नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली खाद्यतेल उत्पादकांना वेष्टनावर घनफळाबरोबर वजनही द्यावे व घनफळासोबत तापमान लिहू नये अशी सूचना केली, ती याच कारणाने. काही उत्पादक ६० अंश तापमानाचे घनफळ छापीत होते. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांस ९१९.१ ग्रॅम भरतो व ६० अंशांस ८९२.६ ग्रॅम, असे त्या वेळी विभागाने दाखवून दिले होते. या हिशेबाने पंधरा लिटरचा डबा ऐन उन्हाळ्यात व ऐन थंडीत भरला, तर दोहोंत सुमारे ३०० ग्रॅमचा फरक पडतो. मोहाच्या बियांचे तेल तर थंडीत गोठते, मग लिटरचे माप निरर्थकच ठरते. फार्मसीधारकांनी स्नेहद्रव्ये किलोने घ्यावीत व किलोने नोंदवावीत.

आता उष्णता व तापमान. हे दोन शब्द आपण व्यवहारात एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. ६० अंशांचे एक पातेले पाणी दुसऱ्या ६० अंशांच्या पातेल्यात ओतले तर १२० अंशांचे पाणी होत नाही, पण उष्णता मात्र दुप्पट होते. तापमान राशिनिरपेक्ष, उष्णता राशिसापेक्ष. अवगाहस्वेदात ४० अंशांच्या द्रोणीत बसलेल्या रुग्णास व ४० अंशांच्या पाण्याने पुसलेल्या रुग्णास मिळणारी उष्णता भिन्न असते, हे कोणीही मान्य करील. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की तेवढ्याच वजनाचे व तेवढ्याच तापमानाचे तेल पाण्याच्या साधारण निम्मीच उष्णता धारण करते. तेल अधिक ऊन वाटते ते त्यातील उष्णतेमुळे नव्हे. ते पाण्यासारखे बाष्पीभवनाने निवत नाही आणि त्वचेस चिकटून राहते म्हणून.

स्नेहपाकात हा भेद फार उपयोगी पडतो. तेल, कल्क व क्वाथ एकत्र उकळत असताना, जोपर्यंत पाण्याचा अंश शिल्लक आहे तोपर्यंत मिश्रणाचे तापमान १०० अंशांच्या आसपास रेंगाळते. जाळ वाढविला तर पाणी लवकर उडेल, तापमान फारसे चढणार नाही. कारण उत्कलनबिंदू हा जाळावर वा राशीवर अवलंबून नाही. वातावरणाच्या दाबावर मात्र तो आहे. समुद्रसपाटीस पाणी १०० अंशांवर उकळते, आमच्या पायथ्याच्या गावांत ९९ अंशांच्या आसपास आणि वर तोरणमाळास, सुमारे ११०० मीटरहून अधिक उंचीवर, साधारण ९६ अंशांवर. पाण्याचा शेवटचा अंश निघून गेला की हा बांध सुटतो आणि तापमान झपाट्याने चढू लागते. कल्काची वर्ती अग्नीवर धरली असता चटचट आवाज न होणे ही परीक्षा नेमका हाच क्षण दाखविते. मृदु, मध्यम व खर पाक यांतील अंतर मुख्यतः या शेवटच्या टप्प्यातले आहे.

परीक्षा राशिनिरपेक्ष आहे. चिमूटभर कल्क तपासला तरी पुरते, मग कढई दोन किलोची असो की शंभर किलोची. परंतु कढई उतरविल्यानंतर काय घडते ते राशीवर अवलंबून आहे. लहान कढई लगेच निवते. मोठ्या कढईत, तीही जाड बुडाची असल्यास, साठलेली उष्णता इतकी असते की जाळ काढल्यावरही पाक पुढे सरकत राहतो व मध्यम पाकावर उतरविलेले तेल निवेपर्यंत खराकडे झुकते. अनुभवी पाककर्ते मोठ्या घाणीचा जाळ थोडा आधी ओढतात. ते त्यास हातगुण म्हणतात; त्यामागचे कारण हे असे आहे.

येथे तिसऱ्याच एका जातीचा उल्लेख केला पाहिजे. सर्व गुणधर्म या दोन वर्गांत बसतातच असे नाही. पातेल्याची उंची व रुंदी दुप्पट केली तर घनफळ आठपट होते, पण पृष्ठभाग चारपटच होतो. पाच लिटरच्या पातेल्यात जो क्वाथ दोन तासांत चतुर्थांश उरतो, तोच तशाच आकाराच्या चाळीस लिटरच्या पातेल्यात, बुडाच्या प्रत्येक चौरस इंचास तेवढाच जाळ दिला तरी, सुमारे चार तास घेतो. भरड तीच, पाण्याचे प्रमाण तेच, शेषही तोच. परंतु वनस्पती दुप्पट वेळ उकळली गेली. ज्या द्रव्यांचे कार्य उडनशील तेलांवर अवलंबून आहे त्यांच्या बाबतीत हा फरक उपेक्षणीय नव्हे. घरगुती प्रमाणावर गुणकारी ठरलेला योग कारखान्यात गेल्यावर निस्तेज होतो, अशी तक्रार आपण वारंवार ऐकतो. तिचे खापर नेहमी कच्च्या मालावर फोडले जाते. पातेल्याच्या आकाराकडेही पाहावे. रुंद व उथळ भांडी घेणे किंवा मोठा क्वाथ दोन-तीन भांड्यांत विभागणे, हा उपाय खर्चिक नाही.

भस्मपरीक्षेतील वारितरत्वाविषयी तर एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भस्म पाण्यावर तरंगते म्हणजे ते पाण्याहून हलके झाले, असे विद्यार्थी लिहितात व परीक्षक गुण देतात. लोहभस्मात मुख्यत्वे असणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडची घनता पाण्याच्या पाचपट आहे. मारणसंस्काराने ती एकाखाली येत नाही. भस्म तरंगते ते त्याचे कण अतिसूक्ष्म असल्यामुळे व पाण्याचा पृष्ठताण त्यांना पेलून धरतो म्हणून. पाण्यात साबणाचा थेंब सोडून पाहावे, बराचसा थर बुडू लागतो. एक घन सेंटिमीटर घनाचे सर्व पृष्ठ मिळून ६ चौरस सेंटिमीटर होते. त्याच घनाचे एक-एक मायक्रोमीटरचे तुकडे केले तर तेवढ्याच द्रव्याचे पृष्ठ ६ चौरस मीटर, म्हणजे दहा हजार पट होते. राशी तीच, घनता तीच, परंतु शरीराच्या रसांशी संपर्कास येणारा पृष्ठभाग भिन्न. तेव्हा वारितरत्व ही घनतेची नव्हे, सूक्ष्मतेची परीक्षा आहे. आणि ती तशी समजून घेतल्याने तिचे मोल कमी न होता वाढतेच.

आसवारिष्टांत आणखी एक गंमत आढळते. ५० मिलिलिटर मद्यार्क व ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले असता १०० मिलिलिटर न होता सुमारे ९६ ते ९७ मिलिलिटरच भरतात. वजनाची बेरीज मात्र अचूक जुळते. मद्यार्काचे शेकडा प्रमाण हे राशिनिरपेक्ष असल्याने, मोहाच्या फुलांचे मधूकासव असो वा धायटीच्या फुलांनी संधान केलेले कोणतेही अरिष्ट, एका बाटलीच्या तपासणीवरून साऱ्या पिंपाविषयी बोलता येते. पण केवळ ते पिंप एकजीव असेल तरच.

हाच भेद चिकित्सालयात आला की गंभीर होतो. रक्तातील हिमोग्लोबिनचा जो आकडा आपण वाचतो तो प्रति डेसिलिटर ग्रॅम असा असतो, म्हणजे राशिनिरपेक्ष. शरीरातील एकूण हिमोग्लोबिन तो सांगत नाही. गर्भिणीचा रक्तद्रव सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे एकूण राशी वाढूनही आकडा उतरतो. उलट, अतिसाराने शुष्क झालेल्या रुग्णाचा आकडा फसवा चांगला दिसतो व द्रव भरून निघताच खाली येतो. चरकाने शारीरस्थानात उदक दहा अंजली, रस नऊ, रक्त आठ असे मान दिले आहे, ते राशीचे आहे. आणि ते ज्याच्या त्याच्या अंजलीने मोजावयाचे असल्याने प्रत्येक देहाच्या आकाराशी आपोआप जोडले गेले आहे, ही त्यातील मार्मिक गोष्ट.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात या विवेचनास विशेष महत्त्व आहे. येथील भिल्ल, पावरा व इतर आदिवासी समाजांत सिकलसेल आजार लक्षणीय प्रमाणात आढळतो. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी जिल्ह्यांवर भर आहे. या आजारातील वेदनांचा झटका समजून घेण्यास रसायनशास्त्र लागते. सदोष हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू सुटल्यावर एकमेकांस जोडून धागे बनवितात व पेशी कोयत्यासारखी वाकते. हे धागे किती लवकर बनतील ते पेशीतील त्या हिमोग्लोबिनच्या संहतीवर फार तीव्रपणे अवलंबून असते. शरीरातील पाणी घटले, पेशी किंचित आकसली, की आतील हिमोग्लोबिन तेवढेच राहूनही त्याची संहती वाढते आणि धागे बनण्याची गती कित्येक पटींनी वाढते. राशी बदलली नाही, गुणोत्तर बदलले, आणि रुग्ण तळमळू लागला. म्हणून वैशाखात शेतमजुरीस जाणाऱ्या सिकलसेल रुग्णास भरपूर पाणी पिण्याचा सल्ला हा केवळ शिष्टाचार नव्हे. आणि म्हणूनच अशा रुग्णास विरेचन, तीक्ष्ण स्वेदन वा दीर्घ लंघन देण्यापूर्वी दहादा विचार करावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. सोल्युबिलिटी चाचणी झाली आहे काय, हा प्रश्न पंचकर्माच्या केसपेपरवर आमच्या भागात तरी असलाच पाहिजे. झटका आलेल्या रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

शेवटी जड धातूंविषयी, कारण फार्मसीधारकांकडून याविषयी पुष्कळ विचारणा होते. वनस्पतिज औषधांत शिशाची मर्यादा दशलक्षांश १० भाग अशी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल मर्यादेच्या आत आला की आपण निश्चिंत होतो. परंतु दशलक्षांश भाग हे माप राशिनिरपेक्ष आहे आणि रुग्णाच्या शरीरात जाते ती राशी. नेमक्या मर्यादेवर असलेल्या वटीच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसभरात घेतल्या तर १० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. त्याच मर्यादेवरचा अवलेह दिवसास २० ग्रॅम घेतला तर २०० मायक्रोग्रॅम. अहवाल दोहोंचे सारखेच उत्तीर्ण. अवलेह बहुधा बालकांना व गर्भिणींना महिनोन्‌महिने दिला जातो, ही गोष्ट ध्यानात घेता अवलेहाच्या घटकद्रव्यांसाठी फार्मसीने स्वतःची अधिक कडक मर्यादा ठेवावी, असे आम्हास वाटते. कायदा त्यास आडकाठी करीत नाही.

नमुना घेण्याविषयी एक सूचना. राशिनिरपेक्ष गुणधर्म अंशावरून समग्राचे ज्ञान करून देतात, परंतु द्रव्य सर्वत्र सारखे असेल तरच. अरिष्टाच्या पिंपात तळाशी गाळ बसतो, अवलेहात प्रक्षेपचूर्ण नीट न मिसळल्यास थर राहतात, चूर्णाच्या पोत्यात वाहतुकीच्या हादऱ्यांनी बारीक कण खाली व जाडे वर येतात. वरच्या थरातून काढलेली वाटी वरच्या थराविषयीच बोलते. प्रत्येक पिंपातून वर, मध्य व तळ अशा तीन ठिकाणांहून नमुने घ्यावेत, ते प्रथम वेगवेगळे तपासावेत, व तिन्ही जुळले तरच एकत्र करून बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवावेत. न जुळल्यास घाण पुन्हा घोटावी. घोटण्यास लागलेला वेळ व तिन्ही नमुन्यांचे आकडे त्या घाणीच्या नोंदपत्रकावर तारखेसह लिहून ठेवावेत.